पाच फुटी पलंग

कापडाच्या दुकानाची दर्शनी काच सजवण्यात थोरलीची वीस वर्षं गेली. दुकान बंद पडलं तेव्हा मालकांनी तिला दोन पुतळे दिले आणि हात जोडले. त्या पुतळ्यांवर आता धाकटी ओले टॉवेल वाळत घालते. घरात येणारं नवीन माणूस एकदा तरी दचकतंच.

थोरली आणि धाकटी या सख्ख्या जावा. जावाजावांचं पटत नाही असं जग म्हणतं. यांचंही पटत नसे, पण भांडून झालं की दोघी पुन्हा एकत्रच जेवायला बसत. दुकान गेल्यावर थोरलीच्या डोक्यात आलं, की ज्यांना घर विकायचं आहे त्यांचं घर गिऱ्हाईक यायच्या आधी नीट मांडून द्यावं. बंगलेवाल्यांसाठी असं काम करणारे पुष्कळ होते. दोन खोल्यांच्या घराकडे मात्र कोणी ढुंकून बघत नव्हतं. मांडणी थोरली करणार, सामान धाकटीचा नवरा बनवून देणार, कारण तो सुतार होता. आणि गिऱ्हाईक गाठायचं काम धाकटीचं, कारण तिची जीभ तोंडात फार वेळ टिकतच नसे.

धाकटीने पत्रक छापलं: ‘लहान घर? मोठं दिसेल! विकण्याआधी एक फोन करा!’ थोरलीने एक उद्गारचिन्ह काढायला लावलं, ते धाकटीने फोन नंबरापुढे नेऊन घातलं. तीन महिन्यांत तीन फोन आले. एकाला जुना सोफा विकायचा होता. दुसऱ्या बाई म्हणाल्या, “दोन खोल्यांत मांडायचं काय, डोंबल?” तिसरा फोन धाकटीच्या आईचा, नंबर लागतो की नाही ते बघायला.

चौथा फोन पोस्टमनकाकांचा. काकांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, बायको जाऊन दोन. त्यांच्या तळमजल्यावरच्या दोन खोल्या आठ महिने विकल्या जात नव्हत्या. मुलगी दूरच्या गावी होती आणि तिच्या शेजारची एक खोली विकायला निघाली होती. त्या खोलीच्या मालकाने ती काकांसाठी महिनाअखेरपर्यंत धरून ठेवली होती, त्यापुढे नाही.

“मुलगी-जावई दोघं नोकरीला,” काका म्हणाले. “नात शाळेतून येते तेव्हा दाराला कुलूप असतं. पायरीवर बसून राहते बिचारी. मी तिथे असलो तर दार उघडं राहील, एवढंच.”

“काका, पंधरा दिवसांत जातं की नाही बघा!” धाकटीने सांगून टाकलं. उचलली जीभ, लावली टाळ्याला. थोरलीने कपाळावर हात मारून घेतला, पण हे काम तिलाही हवंच होतं. त्याच इमारतीत आणखी चार घरं विकायची होती आणि चौघांचं उत्तर एकच होतं: आधी पोस्टमनचं जाऊ द्या, मग बघू. हे घर गेलं तर धंदा उभा राहणार होता. नाही तर पुतळ्यांच्या शेजारी पत्रकांचे गठ्ठे रचायचे होते.

काकांच्या दारातून आत पाऊल टाकलं की समोरच पलंग. साडेसहा फुटी, जाडजूड लाकडाचा, उशाच्या एका बाजूला खिडकी येईल असा मांडलेला.

“काका, पुढच्या खोलीत पलंग?” थोरली हसली. “गिऱ्हाईक उंबऱ्यावरूनच परत फिरत असणार.”

“तो तिथेच बरा आहे,” काका म्हणाले.

“तुम्हाला बरा. घेणाऱ्याला?”

काकांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. “तुम्ही जाणत्या,” म्हणाले. धाकटीने ‘आधी’चा फोटो काढला, घर आणखी वाईट दिसावं म्हणून मुद्दाम दिवा बंद करून.

मग पाच दिवस दोघी राबल्या. भिंतीतले सतरा खिळे उपटले. पडदे खिडकीवरून काढून पार छताजवळ टांगले, म्हणजे भिंत उंच वाटते. निम्मी भांडी खोक्यांत गेली, ‘लागेल’ आणि ‘नको’ अशी अक्षरं घालून. मोठा पलंग सुताराच्या कारखान्यात गेला, पुढच्या खोलीत दोन हलक्या खुर्च्या आणि बाक आला. मागची खोली आठ फूट बाय आठ फूट, तिच्यात थोरलीने आपला हुकमाचा पत्ता टाकला: सुतार भावजींकडून खास करून घेतलेला, अवघ्या पाच फूट लांबीचा पलंग. वर लांब चादर, दोन उशा, पायथ्याशी घडी घातलेलं पांघरूण. बघणाऱ्याला वाटावं, पलंग नेहमीचाच आहे, खोलीच मोठी आहे. दुकानाच्या काचेत पुतळ्याला ढगळ सदरा घालून पाठीमागून टाचण्या मारतात, तसंच हे. आजवर एकाही पुतळ्याने तक्रार केली नव्हती.

रविवारी सकाळी एक नर्सबाई घर बघायला आल्या. चाळिशीच्या, कमी बोलणाऱ्या, रात्रपाळीचे डोळे. आईचं कमरेचं हाड मोडलं होतं, दोन वर्षं ती अंथरुणाला खिळून होती, आणि राहायला दुसरा मजला. डॉक्टरांकडे न्यायचं तर दर वेळी चार माणसं गोळा करा. तळमजला मिळाला म्हणून त्या धावत आल्या होत्या.

मागच्या खोलीत गेल्या आणि त्यांचा चेहराच खुलला. पलंगाच्या एका बाजूला उभ्या राहिल्या, मग दुसऱ्या.

“इकडून मी, तिकडून दुपारची बाई. दोघी मिळून आईची कूस बदलू,” त्या म्हणाल्या. “आणि दारही पूर्ण उघडतंय.” मग पर्समधून काढलेली टेप त्यांनी हसत परत आत टाकली. “मोजायला आणली होती. पण पलंग मांडलेलाच आहे, आता मोजायचं काय?”

थोरलीने पुढे होऊन चादरीची कड उगाचच सारखी केली.

“उद्या अकराला येते. नक्की करून टाकू,” म्हणत नर्सबाई गेल्यासुद्धा. काका फोनला जाऊन चिकटले. “सांग पोरीला,” त्यांचा आवाज बाहेरपर्यंत येत होता, “म्हणावं, आजोबा येतायत.”

घरी जाताना धाकटीचे पाय जमिनीला लागत नव्हते. “जाऊबाई, आठवड्यात विकलं! पंधरा दिवस म्हणाले होते मी!”

“अगं, तो पलंग पाच फुटी आहे.”

“मग? घेणाऱ्याने मोजून घ्यायला नको? टेप होती ना तिच्याकडे?”

“होती. आपल्या पलंगाने ती परत ठेवायला लावली.”

दोघी थेट कारखान्यात गेल्या. भावजींनी खडूने जमिनीवर आठ बाय आठचा चौकोन काढला, दार कुठे ते दाखवलं आणि आत साडेसहा फुटी पलंग आखला. “बसतो की, वहिनी,” ते म्हणाले. “फक्त दार उघडायचं नाही.”

“उद्या सांगणार मी त्यांना,” थोरली म्हणाली.

“सांगा. मग काका राहतील इथेच आणि पोर राहील पायरीवर,” धाकटी म्हणाली. “आणि आपण पुतळे विकू.” ती दुष्टपणाने बोलत नव्हती, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या संध्याकाळी धाकटी गप्प बसून जेवली. असं घरात कोणी कधी पाहिलं नव्हतं.

सकाळी साडेआठला थोरली काकांच्या दारात उभी राहिली. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. तिने बसायच्या आधीच सगळं सांगितलं, पलंगाची लांबी, दार, खडूचा चौकोन, सगळं.

“हे कालच सांगता आलं असतं,” काका म्हणाले. आवाज चढला नव्हता, पण शर्टाची वरची गुंडी त्यांनी काढली.

“आलं असतं. धीर झाला नाही.”

“मी नातीला शब्द दिलाय.”

“ऐकलाय मी.”

काका बाकावर बसले. म्हणाले, “छत्तीस वर्षं पत्रं वाटली. काही पाकिटं हातात घेतली की कळायचं, आत वाईट आहे. एकही मागे ठेवलं नाही मी. सांगा त्या बाईंना.” मग एकदम तिच्याकडे वळले. “आणि तुम्हाला काय वाटलं, आमचा पलंग पुढे हौसेने होता? आमची ही तीन वर्षं झोपून होती. मागे पलंग टाकला तर दार उघडेना, म्हणून तर पुढे आणला. इथे दोन्ही बाजूंनी उभं राहता येतं. आणि खिडकीतून तिला रस्ता दिसायचा. मी भाजी घेऊन कोपऱ्यावर दिसलो की आतूनच ओरडायची, आज चहा तुम्हीच टाका म्हणून.”

थोरली खिडकीकडे बघत राहिली. “त्या दिवशी का नाही सांगितलंत, काका?”

“सांगितलं की. तो तिथेच बरा आहे, म्हणालो. का, ते तुम्ही विचारलं नाहीत.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा. वीस वर्षांच्या हुशारीची थोरलीला त्या क्षणी मनापासून लाज वाटली. मग तिने पदर खोचला आणि भावजींना फोन लावला. साडेदहाला टेम्पो आला. खुर्च्या आणि बाक बाहेर, मोठा पलंग आत, होता तिथे, उशाच्या एका बाजूला खिडकी येईल असा.

नर्सबाई बरोबर अकराला आल्या आणि उंबऱ्यावरच थबकल्या. थोरलीने काही न लपवता सांगितलं. बाईंनी टेप काढून मागची खोली मोजली, छोटा पलंग मोजला आणि टेप खटकन बंद केली.

“खोटं बोलणारी माणसं रोज बघते मी,” त्या म्हणाल्या. “खोटं बोलणारा पलंग पहिल्यांदाच बघितला. माझी आई इथे आणून ठेवल्यावर मला कळलं असतं, नाही का?”

“हो,” थोरली म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

बाई निघाल्या. दाराशी काका उभे होते. “बाई, जायचं तर जा,” ते म्हणाले, “पण हा एक पलंग खरा आहे. माझ्या बायकोचा. तोही मोजा आणि मग जा.”

नर्सबाईंनी मोजला. एक बाजू, दुसरी बाजू, दारापर्यंतची जागा. नंतर त्यांनी चपला काढल्या आणि सरळ पलंगावर आडव्या झाल्या, उताण्या, हात अंगाशी ठेवून, त्यांची आई झोपत असेल तशा. मान तेवढी खिडकीकडे वळवली. बाहेर एक माणूस सायकलला हवा भरत होता. एक आई हट्टी पोराला ओढत नेत होती आणि ते पोर पाय घासत चाललं होतं.

“आई दोन वर्षं भिंतीवरचा एकच डाग बघतेय,” नर्सबाई पडल्यापडल्याच म्हणाल्या. “त्याला तिने नावही ठेवलंय.” मग उठून बसल्या, डोळे पुसले. “काका, हा पलंग विकणार?”

“विकत नाही,” काका म्हणाले. “ठेवून जातो.”

महिना संपायला चार दिवस असताना काका घर नर्सबाईंना देऊन मुलीच्या गावी राहायला गेले. पुढे इमारतीतल्या चौघांपैकी दोघांचे फोन आले आणि नवीन पत्रक छापायची वेळ आली. नर्सबाईंनी खुशीने घराचा फोटो पाठवला होता. धाकटीने दोन्ही फोटो जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि डोकं खाजवलं. तीच खोली, तीच खिडकी, तोच पलंग, त्याच जागी.

“जाऊबाई, यातला आधीचा कुठला नि नंतरचा कुठला?”

“अंधारातला आधीचा. दिवा तूच बंद केला होतास.”

धाकटी हसत सुटली. थोरलीही हसली, आणि हसताहसता थांबली. अंधारातल्या त्या फोटोत पलंगावर दोन उशा होत्या. काकांची दबलेली, मळलेली. दुसरी खिडकीच्या बाजूला, स्वच्छ अभ्र्याची, रस्ता दिसेल अशी थोडी उंच करून ठेवलेली. बायको जाऊन दोन वर्षं झाल्यावरही ती तशीच ठेवलेली होती. आणि थोरलीला नीट आठवलं, ती उशी तिने स्वतःच्या हाताने ‘नको’ लिहिलेल्या खोक्यात टाकली होती.

तिने काकांना फोन लावला. पलीकडे उघड्या दारातून पोरांचा दंगा ऐकू येत होता.

“काका, एक उशी होती...”

“आहे इथे,” काका म्हणाले. “तुमच्या खोक्यातून मी त्याच दिवशी काढून घेतली होती.”