एकसष्टावी टाचणी

कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईच्या डबीत साठ टाचण्या होत्या. म्हणजे, असायला हव्या होत्या. पाचवा महिना लागला आणि एका संध्याकाळी मोजताना भरल्या एकोणसाठच. झालं! लोकांच्या डोक्यावर आभाळ कोसळतं, हिच्या डोक्यावर टाचणी कोसळली.

आता टाचण्या ओठांत धरून काम करायची खोड शिंप्यांना असतेच. हिने मात्र दिवस राहिल्याचं कळलं त्याच दिवशी ती सोडली होती. तरी मन म्हणे, सोडलीस खरी, पण चुकून धरली असशील तर? गिळली असशील तर? बाळाला टोचली तर? डॉक्टरीणबाईंनी नीट तपासून सांगितलं, काहीही नाही. ते तिला पाऊण तास पुरलं.

तसा हा मंत्रचळ लहानपणापासूनचा. शाळेत निघताना दाराचं कुलूप इतक्यांदा ओढून बघायची की कुलपालाच दम लागायचा. पण तेव्हा तो दारापाशी होता, आता थेट पोटापाशी आला. सांडलेल्या टाचण्या गोळा करायचं लोहचुंबक ती पोटावरून फिरवायची. सूप तीन पदरी मलमलीतून गाळायची. गाळून गाळून वाटीत उरायचं ते नुसतं कोमट पाणी, गाजराची ओळख सांगणारं. बाळाचं वजन काही वाढेना. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्ही जेवला नाहीत तर ते कुठून जेवणार?" ऐकून हिच्या पोटात गोळा आला. घरी येऊन तोही चुंबकाने तपासला.

आणि ते विचारणं! "आई, मी टाचणी गिळली नसेल ना हो?"

"नाही गं बाई," सासूबाई म्हणायच्या. दिवसातून तीस वेळा. एकतिसाव्या वेळी त्यांनी डोकं चालवलं. नव्या पाकिटातली एक टाचणी काढली आणि गुपचूप डबीत सोडली. मोज म्हणावं आता!

पण मुलगा पडला आईच्या वळणाचा. त्यानेही बायकोची दया येऊन त्याच दुपारी एक टाकली.

संध्याकाळी मोजल्या. एकसष्ट.

परत मोजल्या. एकसष्ट.

"म्हणजे मला मोजताच येत नाही!" शिंपीणबाईने डबी पालथी केली. "मग आजवर किती गिळल्या असतील?"

सासूबाईंनी मुलाकडे पाहिलं. मुलाने आईकडे.

"तूही?"

"म्हणजे तूही?"

तिघांची वरात समुपदेशक बाईंकडे गेली. त्या आधी पोटभर हसल्या, मग म्हणाल्या, "यापुढे डबीत कुणी काही टाकायचं नाही. आणि तिने विचारलं तर 'नाही' म्हणायचं नाही. ती खाज आहे. तुम्ही खाजवता, ती वाढते." शिंपीणबाईला म्हणाल्या, "उद्या सूप न गाळता प्यायचं. एवढंच. भीती वाटेल. वाटू द्या. वाटली म्हणून ती खरी होत नाही."

सासूबाईंना तर जन्मठेपच झाली. ज्या बाईने रस्ता विचारणाऱ्यालाही कधी दोन गोष्टी ऐकवल्याशिवाय सोडलं नाही, तिने गप्प बसायचं?

दुसऱ्या दिवशी दुपारी कापडाचे तुकडे बाजूला सारून दोघी कटिंगच्या टेबलाशी बसल्या. वाटीत गाजराचे तुकडे पोहत होते. शिंपीणबाईने चमचा बुडवला आणि उजेडात धरून पाहिला.

"आई, यात टाचणी नसेल ना?"

सासूबाईंनी ओठ घट्ट मिटले. कान लाल झाले. मग त्यांच्या लक्षात आलं, बंदी 'नाही'ला आहे, थापांना कुठे आहे?

"असेलही," त्या म्हणाल्या. "असली तर पोर शिंपीच जन्मेल. डॉक्टरीण नाळ कापायला गेली की म्हणेल, थांबा, आधी माप घ्या."

"आई!"

"अगं, हा तुझा नवरा पोटात होता तेव्हा मी आख्खं बटण गिळलं होतं. अजून बघ, शर्टाचं वरचं बटण लावत नाही. सख्ख्या भावाचा गळा कसा आवळणार?"

शिंपीणबाईला हसू फुटलं आणि त्या हसण्यातच चमचा तोंडात गेला. मग दुसरा. भीती काही उठून गेली नाही. अर्जंट कोट मागणाऱ्या गिऱ्हाइकासारखी समोर ठाण मांडून बसली. हिने तिला बसू दिलं आणि वाटी संपवली.

रोज एक वाटी, रोज एक थाप. काही दिवशी चमचा तासभर हवेतच राहिला, एकदा तर वाटी तशीच परत गेली. पण सातव्या महिन्यात वजनाचा काटा हलला. त्या दुपारी दोघी आपापली सुपाची वाटी घेऊन बसल्या, तेव्हा शिंपीणबाईने टाचण्यांचं नवं पाकीट फोडलं आणि सगळं डबीत ओतलं. न मोजता. वर झाकणही लावलं.

"किती झाल्या गं?" सासूबाईंनी विचारलं.

"मोजल्या नाहीत."

"बरं केलंस." सासूबाईंनी टेबलाखाली नजर टाकली. "पण एखादी कुठे पडलीबिडली नाही ना?"

शिंपीणबाईने शांतपणे सुपाचा घोट घेतला. "पडलीही असेल. हल्ली आतून शिलाईचा आवाज येतो, आई. काल कॉलर चुकली वाटतं, रात्रभर उसवत होतं."

सासूबाईंनी आपल्या वाटीत हळूच डोकावून पाहिलं. सून बघतेय हे कळताच घाईघाईने चमचा तोंडात घातला.