फौजदारने टाकलेला खडा

बसस्थानकावर हरवलेल्या सामानाच्या खिडकीत बसणाऱ्या बाईला घरात सगळे फौजदार म्हणत. नाव सासऱ्यांनी ठेवलेलं, आणि मनातून ते तिला आवडायचंही. कामच तसं होतं. कुणी येऊन "ती निळी बॅग माझी" म्हणालं, की ती बॅग काउंटरखाली सरकवायची आणि विचारायची, "आत काय काय आहे?" खरा मालक अडखळायचा, आठवून आठवून सांगायचा, मधेच लाजायचा. खोटा घडाघडा बोलायचा. या कामात इतकी वर्षं गेल्यावर घरीही कुणी "माझा चहा झाला" म्हटलं तर तिची नजर आधी सिंकमधल्या कपांकडे जायची.

अशी बाई टॅरोचे, म्हणजे चित्रांवरून भविष्य सांगायचे पत्ते शिकायला गेली ती नणंदेमुळे. नणंदेला सगळे मैना म्हणत, कारण तिचं तोंड कधी मिटत नसे. ती केस कापायच्या दुकानात काम करायची. दिवसभर गिऱ्हाइकांशी गप्पा आणि संध्याकाळी त्याच गप्पा घरी. दुकानाच्या वरच्या खोलीत शाळेतून निवृत्त झालेल्या चित्रकलेच्या बाई दर शनिवारी पत्ते शिकवत. मैना आधीपासून जात होती. "वहिनी, चल ना. एकटीला कंटाळा येतो," असा तिने लकडाच लावला. फौजदार गेली, पण बाईंची लबाडी पकडायलाच.

पहिल्या दिवशी बाईंनी सगळ्यांपुढे एकेक करून पत्ते ठेवले. "अर्थ नंतर. आधी नुसतं बघा आणि दिसेल ते सांगा."

भोळ्याच्या पत्त्यावर कड्याच्या टोकावर चाललेला तरुण होता, खांद्यावरच्या काठीला गाठोडं, पायाशी कुत्रा. बाकीच्या आभाळ, सूर्य, फूल असं सांगत होत्या. फौजदार म्हणाली, "गाठोडं याचंच आहे कशावरून?" सात तलवारींच्या पत्त्यावर एक माणूस पाच तलवारी कवटाळून, मागे बघत, चवड्यांवर निघालेला. "हा तर माझ्या खिडकीवर रोज येतो!" यावर बाईसुद्धा खळखळून हसल्या. मग सहा पेल्यांचा पत्ता आला. पेल्यांत फुलं, आणि एक मोठा मुलगा वाकून एका लहान मुलीला त्यातला एक पेला देतोय. फौजदारने तो बराच वेळ हातात धरला. काय बोलली ते नंतर तिलाही आठवलं नाही.

हळूहळू तिला गोडी लागली. पेले म्हणजे माया, तलवारी म्हणजे बुद्धी आणि तिचे वार, काठ्या म्हणजे उमेद, नाणी म्हणजे संसार, हे तिने पटापट पाठ केलं. पण एका शनिवारी बाई तिच्याकडे बघून सहज म्हणाल्या, "तुमचा भावाशी अबोला आहे का हो? मोठा भाऊ असावा."

हे बाईंना समजलं कसं, ते फौजदारला उमगेना. आई आजारी असल्याचं भावाने वेळेवर कळवलं नव्हतं. ती पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. तेव्हापासून दोघं बोलत नव्हती. हे नवऱ्याला ठाऊक होतं, सासऱ्यांना ठाऊक होतं आणि मैनाला. त्यातलं बाईंना ओळखणारं एकच माणूस होतं.

त्या दिवसापासून तिच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. मैना हसली तरी वाटे, का हसली? मैना फोन घेऊन गॅलरीत गेली की हिचे कान तिकडे. बाईंच्या पत्त्यांची सगळी करामत म्हणजे खालच्या दुकानातल्या चुगल्या, असं तिने ठरवूनच टाकलं. आता फक्त पुरावा हवा होता. म्हणून तिने खडा टाकून पाहिला.

भाजी चिरता चिरता ती आवाज उतरवून म्हणाली, "मैना, तुझ्या पोटात राहील तर एक सांगते. मी दुसऱ्या गावी बदली मागितलीय. मिळेल असं दिसतंय. मग आम्ही दोघं तिकडेच."

मैनाच्या हातातली काकडी तशीच राहिली. "दादाला माहितीय?"

"अजून नाही. कुणालाच सांगू नकोस."

"आणि बाबा?"

"बघू," फौजदार म्हणाली. सासऱ्यांचे गुडघे गेलेले होते. जिना उतरायलाही त्यांना कुणाचा तरी खांदा लागे. पण हा सगळा बनाव असल्याने तिने पुढचा विचारच केला नव्हता.

पुढच्या शनिवारी नेमका रथाचा पत्ता निघाला. फौजदार डोळ्यांत तेल घालून बसली होती. आता प्रवास म्हणणार, गाव सोडणं म्हणणार, आणि सापडणार. बाई म्हणाल्या, "रथाला जुंपलेले हे दोन प्राणी, एक काळा, एक पांढरा. दोघांची तोंडं दोन दिशांना. रथाला लगाम दिसतोय का कुणाला? नाहीये." एवढंच बोलून त्या दुसऱ्या पत्त्याकडे वळल्या.

वर्ग सुटल्यावर फौजदार मागे थांबली. मैना आज आलीच नव्हती, डोकं दुखतं म्हणाली होती. "बाई, खरं सांगा," तिने सरळ विचारलं, "माझ्या भावाचं तुम्हाला मैनाने सांगितलं ना?"

"मैनाने?" बाई पत्ते कापडात गुंडाळत होत्या. "अहो, तुम्हीच सांगितलंत. पहिल्याच दिवशी. सगळ्यांना त्या पत्त्यात लहानपण दिसलं. तुम्ही म्हणालात, 'मोठा भाऊ आहे हा. आत्ता फुलं देतोय, पुढे साधा निरोपही देणार नाही.' चाळीस वर्षं मुलांची चित्रं बघतेय मी. मुलं घर काढतात आणि दार काढायला विसरतात. कळतं मग."

फौजदारला हसूही आलं आणि लाजही वाटली. खिडकीवर बसून ती लोकांना त्यांच्या बोलण्यावरून ओळखायची, तसंच बाईंनी तिला ओळखलं होतं. बदलीची थाप होती, असं मैनाला आजच सांगून टाकायचं असं मनाशी ठरवत ती घरी आली.

नवरा दारातच भेटला. "मैनाने चष्मेवाल्याला नाही म्हणून सांगितलं."

चष्मेवाला हा मैनाच्या दुकानासमोरचा. विधुर, शांत, कमी बोलणारा. वर्षभर चहाच्या निमित्ताने रस्ता ओलांडून यायचा आणि आता त्याने मागणी घातली होती. लग्नानंतर मैना त्याच्या घरी, नदीपलीकडे, राहायला जाणार होती. ती हो म्हणणार हे घरात सगळे धरून चालले होते. सासऱ्यांनी तर नवा चष्मा फुकट मिळणार म्हणून थट्टाही चालवली होती.

"का नाही म्हणाली?"

"कारण सांगत नाही. विचारलं तर म्हणते, मन नाही."

 खरं कारण या घरात फक्त फौजदारला ठाऊक होतं: दादा-वहिनी गेले तर बाबांपाशी कोण, म्हणून मैना अडली होती.

मैना आत पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडली होती. फौजदार कडेला बसली. "मैना, बदली वगैरे काही नाही. मी खोटं बोलले."

मैना उठून बसली. "म्हणजे?"

"तू बाईंना जाऊन सांगतेस का, ते बघायचं होतं."

मैना ओरडेल, रडेल असं तिला वाटलं. मैनाने पलंगावरून पाय खाली सोडले. मग म्हणाली, "मला विचारायचंस, वहिनी. नुसतं विचारायचंस. तू बॅगवाल्यांनाही विचारतेस ना?"

"मी जाते त्याच्याकडे. माझी चूक आहे, सांगते त्याला."

"तू कुठेही जाणार नाहीस." मैनाने केस बांधले, चपला घातल्या. "माझं मी बघते."

ती परत आली तेव्हा सासरे जेवायला बसले होते. त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता शेजारची खुर्ची ओढून दिली. चष्मेवाला म्हणाला होता, थोडे दिवस जाऊ देत, घाई नको. त्या थोड्या दिवसांत घरातल्या कुणाचा घास नीट उतरला नाही. शेवटी लग्न झालं, साधंच, आणि मैना नदीपलीकडे गेली.

आता ती रविवारी वडिलांना भेटायला येते. त्यांचे केस कापते, नखं काढते, दुकानातल्या गमती सांगून त्यांना हसवते. फौजदारशीही चांगलं वागते. पण फौजदारने काही विचारलं, अगदी "कशी आहेस?" एवढंच, तरी ती आधी क्षणभर थांबते, हे का विचारतेय याचा अंदाज घेते आणि मग मोजकं उत्तर देते. फौजदारला ते दर वेळी दिसतं. त्यावर बोलायचं तिच्या ओठांवर येतं. मग ती विचारते, "चहा टाकू?" आणि मैना म्हणते, "टाक."