ऐच्छिक सुट्टी

सरकार एकच असतं असं ज्यांना वाटतं, त्यांच्या घरात नवरा राज्याचा आणि बायको केंद्राची नसते. विजयश्री दिघीला लष्करी हद्दीतल्या भांडारात कारकून, म्हणजे केंद्राची. तिचा नवरा सयाजी सरकारी आयटीआयमध्ये पोरांना फिटरचं काम शिकवायचा, म्हणजे राज्याचा. भोसरीच्या फ्लॅटमध्ये दोघं एकाच कुकरमधला भात खायची, पण सुट्ट्यांच्या याद्या दोन. डिसेंबरात त्या हातात आल्या की सयाजी त्या शेजारीशेजारी पसरायचा आणि दोन्हीकडे असलेल्या दिवसांभोवती गोल काढायचा.

त्याच्या यादीत जास्तीचे दिवस बरेच. शिवजयंती, पाडवा, महाराष्ट्र दिन, भाऊबीज आणि पारशी नववर्षसुद्धा. पारशी माणूस दोघांनीही कधी जवळून पाहिला नव्हता, पण त्यांचं नवं वर्ष सयाजी मनापासून साजरं करायचा. म्हणजे सकाळी घरातल्या विळ्या-सुऱ्यांना कानशीनं धार लावायची आणि दुपारी ताणून द्यायची. ती मात्र डबा घेऊन कामावर. केंद्रवाल्यांना वर्षाला दोन ऐच्छिक सुट्ट्या मिळतात, लांबलचक यादीतून हवे ते दोन दिवस निवडायचे. त्या दोन दिवसांसाठी या घरात जी खलबतं चालायची, ती मंत्रिमंडळातही चालत नसतील.

२०२३ साली पारशी नववर्ष सोळा ऑगस्टला आलं, बुधवारी. आदल्या दिवशी स्वातंत्र्यदिन, दोघंही घरी होती. बुधवारी सकाळी ती चप्पल घालत होती, तेव्हा सयाजी दारात येऊन उभा राहिला.

"विजू, आज राहा ना घरी."

"कशाला?"

"असंच."

तिच्या किरकोळ रजा तोवर संपल्या होत्या. एक ऐच्छिक सुट्टी पाडव्याला गेली होती, उरलेली एक तिनं गौरीजेवणासाठी राखली होती. "असंच म्हणून सुट्टी घालवू? मग गौरीला वाढायला तुमच्या आयटीआयची पोरं येणार का?" असं म्हणून ती जिना उतरली. त्यानं वरून हात केला की नाही, हे तिनं पाहिलं नाही.

संध्याकाळी सहाला ती परत आली. सयाजी गॅलरीत विळीशेजारी आडवा पडला होता, हातात कानस. डॉक्टर म्हणाले, हृदयविकाराचा झटका, बाराच्या सुमारास गेले असावेत. बारा ते सहा. या सहा तासांनी विजयश्रीचं पुढचं आयुष्य पोखरून काढलं. ती वहीत नोंदी करत होती, कँटीनमध्ये चहा पीत होती, कुणाच्या तरी बदलीवर हसत होती, आणि तिचा माणूस घरात फरशीवर एकटा पडला होता. घरातच दुखवटा, त्यामुळे त्या वर्षी गौरी बसल्याच नाहीत. जपून ठेवलेली सुट्टी एकतीस डिसेंबरला बुडाली. देव नावाचं कुणी असेलच, तर त्याला ही थट्टा कशी सुचली, हे तिला विचारायचं होतं.

त्याच वर्षीच्या भाऊबिजेला पहिल्यांदा तो प्रकार झाला. ती कामावरून आली, कांदा चिरायला बसली आणि बोट कापलं. तीन महिने ज्या विळीवर टोमॅटो चिरताना जीव जायचा, तिला लखलखीत धार! गॅलरीत गेली, तर खाली पेपर अंथरलेला आणि त्यावर लोखंडाचा बारीक कीस. तिनं दिव्याला फोन केला. लेक वाकडला आयटी कंपनीत, तिथंच राहायची. ती म्हणाली, "आई, मी कशाला येऊ धार लावायला? तू जेवतेस ना नीट?"

शिवजयंतीला पुन्हा तेच. त्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या सोजरबाई जिन्यात भेटल्या. म्हातारी खालमानेनं म्हणाली, "पोरी, कसं सांगू तुला? आज वरनं कानशीचा आवाज येत व्हता. मला वाटलं, भाऊ हायेत घरी. मग ध्यानात आलं, ते कुठं आता." एवढं बोलून बाईनं पदर तोंडाला लावला.

मग पाडवा. मग महाराष्ट्र दिन. पंधरा ऑगस्टला, दसऱ्याला, दिवाळीला मात्र काही नाही. विजयश्री कारकून होती. तिनं दोन्ही याद्या काढून शेजारीशेजारी ठेवल्या आणि एकेक तारीख ताडून पाहिली. ज्या दिवशी राज्याला सुट्टी आणि केंद्राला काम, त्याच दिवशी तो यायचा. ती घरात नसेल त्याच दिवशी.

आता तुम्ही म्हणाल, मग एक दिवस घरी राहायचं की. दोन सुट्ट्या हक्काच्या होत्याच. पण तिची छाती होईना. त्याची भीती नव्हती, सव्वीस वर्षं ज्याचे मोजे शोधून दिले त्याची कसली भीती? भीती होती ती त्याच्या तोंडाकडे बघायची. तो विचारेल, का नाही राहिलीस? गौरीसाठी राखून ठेवलीस ना, मग काय झालं त्या सुट्टीचं? दोन वर्षं तिनं एकही ऐच्छिक सुट्टी घेतली नाही. सगळ्या बुडू दिल्या.

या जानेवारीत दिव्यानं भोसरीचा फ्लॅट विकायचं पक्कं केलं. एक मार्चला आईला वाकडला न्यायचं. त्याआधी एकच दिवस उरत होता, एकोणीस फेब्रुवारी, शिवजयंती. नंतर या घरात दुसरी माणसं येणार. तो आला तरी कुणाकडे येणार? माफी मागायची तर आताच, नाहीतर कधीच नाही. तिनं अर्ज लिहिला. हेडक्लार्क आबाजी चष्म्यावरून बघत म्हणाले, "मॅडम, तुम्ही आणि ऐच्छिक सुट्टी? सूर्य कुठून उगवला आज?" आणि सही केली.

एकोणीसला ती पहाटेच उठली. आंघोळ केली आणि आतल्या खोलीत पलंगावर बसून राहिली. काय बोलायचं ते तिनं शंभरदा घोकलं होतं. चुकले मी. त्या दिवशी राहायला हवं होतं. तुम्ही एकटे गेलात, मला माफ करा. रस्त्यावरून भगवे झेंडे लावलेल्या मोटारसायकली घोषणा देत गेल्या, ढोल जवळ आला आणि लांब गेला. साडेअकरा झाले. मग सगळं एकदम शांत झालं आणि गॅलरीतून आवाज आला. खर्र. खर्र. खर्र.

ती उठून गॅलरीच्या दारात गेली. सयाजी पाटावर बसला होता, बनियन आणि पट्ट्यांची विजार घालून. पुढ्यात पेपर, पेपरवर विळी. तिची सावली पडली तसं त्यानं वर पाहिलं आणि त्याचा चेहरा पांढराफटक पडला. घाबरली होती ती, पण तिच्याहून तोच जास्त घाबरला.

"विजू? तू घरी कशी?" कानस त्याच्या हातातच राहिली. "कोण गेलं?"

खरंच होतं त्याचं. सव्वीस वर्षांत कामाच्या दिवशी ती अशी अचानक घरी राहिली होती ती तीनदाच. सासरे गेले तेव्हा, आई गेली तेव्हा आणि जाऊबाई गेल्या तेव्हा.

त्याला माहीत नव्हतं. आपण गेलोय, हे या माणसाला माहीतच नव्हतं. तो तोच बुधवार पुन्हा पुन्हा जगत होता. आणि माफी मागायची, तर आधी त्याला हे सांगावं लागणार होतं. घोकलेलं सगळं तिच्या घशाशी आलं. सांगितलं असतं, तर तिचं मन हलकं झालं असतं. पण त्याचं काय झालं असतं?

"कोण गेलं, सांग ना. दिव्या बरी आहे ना?"

"दिव्या बरी आहे. कुणी नाही गेलं," विजयश्री म्हणाली. "तुम्हीच म्हणालात ना सकाळी, राहा म्हणून. जिन्यातून परत फिरले."

त्याचा चेहरा असा खुलला, की तिला रडू आवरेना. "आणि गौरी?"

"गौरीचं बघू. बिनपगारी रजा टाकीन."

"बरं झालं राहिलीस." त्यानं कानस खाली ठेवली. "सकाळपासून डावा हात जड पडलाय गं. सांगणार होतो, पण म्हटलं, तू म्हणशील, सुट्टीसाठी निमित्त काढतोय."

म्हणजे त्या सकाळचं ते 'असंच' नुसतं असंच नव्हतं. तिला ओरडावंसं वाटलं, रिक्षा आणावी, खाली धावत जाऊन सोजरबाईंना हाक मारावी असं वाटलं. पण कुठला दवाखाना अडीच वर्षांपूर्वीचा माणूस दाखल करून घेणार? ती त्याच्या शेजारी फरशीवर बसली आणि त्याचा डावा हात तिनं आपल्या मांडीवर घेतला. हात गार होता, बोटांना लोखंडाचा कीस चिकटला होता.

"चहा टाकू?"

"नको. बस तू."

ती बसली. त्यानं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. ते हळूहळू जड होत गेलं, एवढं जड की तिचा खांदा दुखायला लागला, तरी ती हलली नाही. आतल्या घड्याळात बाराचे ठोके पडले. शेवटच्या ठोक्यानंतर खांद्यावर काहीच उरलं नाही.

माफी मागायची राहूनच गेली. कदाचित त्याला ती नकोच होती. विजयश्रीनं डोळे पुसले, पण उठली नाही. दिव्याचा फोन वाजून वाजून थांबला. उन्हं गॅलरीतून सरकत भिंतीवर गेली. त्या दिवशी तो जेवढा वेळ इथं एकटा पडला होता, तेवढा वेळ, संध्याकाळचे सहा वाजेपर्यंत, ती तिथंच बसून राहिली.