भरतीच्या वेळचे दगड

"एक टाळी वाजवू का?" इंजिनिअरसाहेबांनी विचारलं. "पक्षी असतील तर उडतील, दगड असतील तर बसून राहतील. सोक्षमोक्ष!"

आणि त्यांनी हात वर केलेसुद्धा. एक्स-रेबाईंनी कॅमेरा गळ्यात सोडला आणि साहेबांची दोन्ही मनगटं पकडली. बत्तीस वर्षं मोडकी हाडं प्लेटवर सरळ करून ठेवणारे हात ते. त्यांच्यातून एकदा एक पैलवानसुद्धा सुटला नव्हता, तिथे साहेबांची काय कथा!

"अहो बाई, हे काय!"

"टाळी नको. पंधरा दिवसांत बर्फाच्या मुलखाकडे निघायचंय त्यांना. अंगावर चरबी असेल तेवढीच वाटेची शिदोरी. तुम्ही गंमत म्हणून उडवाल, त्यांचं सकाळभराचं खाल्लेलं जाईल."

"पण ते दगड आहेत हो!"

दिसत होते खरे दगडच. खाडीकाठच्या त्या उंचवट्यावर, दीडशे पावलांवर, राखाडी ठिपक्यांची एक ओळ होती. त्या उंचवट्यावर भराव टाकून ट्रक उभे करायचे असं ठरलं होतं. तिथे पक्षी नाहीत एवढा दाखला हवा होता, आणि तो साहेबांनी मागच्या आठवड्यात दिलाही होता. गमबूट घालून, ऐन ओहोटीच्या वेळी येऊन, कागदावर त्यांनी लिहिलं होतं: 'पक्षी: निरंक.'

आता ओहोटीला पक्षी उंचवट्यावर कशाला बसतील? तेव्हा ते मैलभर चिखलात पांगून पोट भरत असतात. भरतीने चिखल बुडाला की मगच टेकायला इथे येतात. भरदुपारी कुणाच्या घरात डोकावून 'या घरात कोणी झोपत नाही' असं लिहिण्यातला हा प्रकार.

तो कागद आज संध्याकाळी वर जाणार होता. बाई तीन दिवस कचेरीच्या बाकावर बसून होत्या. इतक्या स्थिर, की शिपायाने टेबल-खुर्च्या पुसता पुसता त्यांच्या खांद्यावरूनही फडकं फिरवलं म्हणे. शेवटी साहेब कंटाळून म्हणाले, "चला, दाखवा तुमचे पक्षी. एकदाच येईन."

बाईंकडे पुरावा नव्हता असं नाही. अकरा वर्षांत त्यांनी चार हजार फोटो काढले होते. सगळे पायांचे! दूरदूरच्या देशांतले अभ्यासक या पक्ष्यांच्या पायात अक्षरं लिहिलेल्या रंगीत पट्ट्या अडकवतात. बाई त्या वाचायच्या आणि कळवायच्या. एक्स-रेच्या खोलीतली सवयच तशी. जिथे दुखतं तेवढाच भाग घ्यायचा, बाकीचं झाकायचं. हॉस्पिटलने भंगारात काढलेली, फिल्म बघायची दिव्याची पेटी त्यांनी स्वयंपाकघरात टांगली होती, आणि तिच्यावर चहाच्या वेळी पायच पाय.

"ताई, अगं त्यांना तोंडही असतं," धाकटी बहीण म्हणायची. "एखादा चेहरा काढ की. आल्यागेल्याला वाटतं, घरात मोच्याचं दुकान आहे."

साहेबांनी ते चार हजार पाय बघून शांतपणे विचारलं होतं, "एका वेळी एकच पक्षी, असे चार हजार वेळा आले नसतील कशावरून?"

बाईंनी सगळे फोटो पुन्हा चाळले. एकाही फोटोत दोन पक्षी म्हणून नव्हते. त्या रात्री त्या जेवल्या नाहीत. म्हणून आज एकच फोटो हवा होता, अख्ख्या थव्याचा. पाणी चढून थवा जरा जवळ सरकला की काढायचा, असा बेत होता. आणि नेमके दोन्ही हात साहेबांच्या मनगटांत अडकले.

तेवढ्यात पाठीमागून आवाज आला. कुणी आभाळाएवढं कापड झटकावं तसा. साहेबांनी मान वळवली.

खाडीवरून धूर येत होता. तो वळला आणि पांढरा झाला, पुन्हा वळला आणि नाहीसा झाला, मग डोक्यावर येऊन इतका काळा झाला की साहेबांच्या चष्म्यावर सावली धावली. आणि तो उतरला. तुतवार, चिखल्या, लांब चोचीचे पाणटिवळे. पुढे, मागे, दोघांच्या मधल्या वीतभर जागेतसुद्धा. दगडांच्या ओळीने मान उचलून त्यांना जागा दिली. पोस्टातल्या पाकिटाएवढ्या वजनाचा एक तुतवार साहेबांच्या बुटाला टेकला आणि पाठीच्या पिसांत चोच खुपसून झोपी गेला.

"बाई," साहेबांचे नुसते ओठ हलले, "फोटो."

"हात सोडू कसे? हललं की उठतील सगळे."

"मी टाळी नाही वाजवत. शपथ."

"तेवढंच नाही हो. कॅमेऱ्याचं हे भिंग लांबचं आहे. इतक्या जवळचं त्याला दिसतच नाही."

"मग आता?"

"आता बघा."

साहेब बघत राहिले. बाईंच्या पायाशी हिरवी पट्टी घातलेला एक पाणटिवळा उभा होता. पट्टीवरची अक्षरं बाईंना तोंडपाठ होती. चार वर्षं आला होता आणि मग दोन वर्षं नाही. बाईंनी वहीत त्याच्यापुढे फुली मारली होती. आज पहिल्यांदाच त्यांनी त्याचा चेहरा पाहिला. काळाभोर डोळा, आणि त्यात उलटं आभाळ. बाईंच्या गालावरून ओघळ आला. पुसायला हात मोकळा नव्हता.

किती वेळ गेला कोण जाणे. साहेबांच्या नाकावर माशी बसली, फिरली, कंटाळून उडाली, साहेब ढिम्म. मग पाणी उतरू लागलं आणि पक्षी त्याच्या मागोमाग, घाई नसलेल्या माणसांसारखे, चालत निघून गेले.

बाईंनी मनगटं सोडली. त्यांच्यावर लाल वळ उठले होते.

"फोटो राहिला," त्या म्हणाल्या.

साहेब खाली बघत होते. ओल्या मातीवर पावलं होती. तीन बोटांची, काडीएवढी, एकमेकांत गुंतलेली, नजर जाईल तिथवर. मध्ये चार बुटांपुरत्या जागा तेवढ्या कोऱ्या. साहेबांनी खिशातून मोबाइल काढला, बुटाचं टोक येईल असा धरला आणि फोटो घेतला. मग दुसरा. मग कागदाची घडी मांडीवर उलगडली.

"किती होते?"

"नऊ हजार. वरखाली पाचशे."

त्यांनी 'निरंक' खोडलं, आकडा लिहिला, वेळ लिहिली, पुढे 'पूर्ण भरती, स्वतः पाहिले' असं लिहिलं आणि सही केली.

"वरचे काय करतील ते मला नाही सांगता येणार, बाई."

"बरं."

साहेबांनी परत निघायला एक बूट उचलला आणि तो कुठे टेकवावा ते न सुचून तसाच हवेत धरून उभे राहिले.