मुठेलाचं मलम

शांताबाई परबांच्या घरात कुणाची कातडी धड नव्हती. मुलगा अजित, त्याच्या टाचांना भेगा. सून नूपुर, तिची बोटं भांड्यांच्या साबणाने सोलवटायची. आणि चार वर्षांची नात पूर्वी, ती कोपराच्या आतल्या बाजूला खाजवून खाजवून लाल करून ठेवायची. डॉक्टरांचं औषध संपलं की खाज परत हजर. म्हणून शांताबाई मलम करायच्या. खोबरेल तेलात कडुनिंबाचा पाला मंद आचेवर कढवायचा, गाळायचा, मग त्यात मेण आणि गावाहून आलेलं मुठेल, म्हणजे कोकमाच्या बियांचं घट्ट तेल, विरघळवायचं. या कामाची लोखंडी कढई वेगळी. तिच्यात दुसरं काही म्हणजे काही करायचं नाही, हा सासूबाईंचा नियम. सासूबाई जाऊन वर्षं झाली, तरी तो मोडायची शांताबाईंची छाती नव्हती.

नायगावची चाळ सोडून टॉवरमध्ये आल्यापासून अजितला या मलमाची उगाच लाज वाटायला लागली होती. "आई, दुकानात ढीगभर क्रीम मिळतात गं," तो म्हणायचा. गिरगावात वाढलेल्या नूपुरने लग्नाआधी मुठेल हा शब्दही ऐकला नव्हता, पण त्याला गप्प तीच करायची. "तुझ्या टाचा आठव आधी." शांताबाईंना सून मनापासून आवडायची. तसं तोंडावर सांगायची मात्र त्या घरात रीत नव्हती.

मे महिन्यातल्या एका रविवारी त्यांनी ताजं मलम केलं. संध्याकाळी आंघोळ झाल्यावर नूपुरने ते पूर्वीच्या कोपरांना चोळलं आणि पोरगी ओरडायलाच लागली. हात आगीसारखे लाल झाले. शांताबाईंनी थंड दूध मागवलं, कापूस भिजवून पुसलं, परत परत पुसलं. पूर्वी त्यांचाच हात ढकलत होती. डॉक्टरांकडून परत आल्यावर अजित म्हणाला, "हे आता बंद. माझ्या पोरीला तुझं काही लावायचं नाही." ‘माझ्या पोरीला’ हे शांताबाईंना झोंबलं. आजवर ती साऱ्या घराची पोरगी होती.

सगळे आत गेल्यावर त्यांनी बरणीतलं मलम बोटावर घेऊन ओठाला लावलं. ओठ चुरचुरला. मिरची. मग सगळा उलगडा झाला. परवा त्या शिवडीला बहिणीकडे गेल्या होत्या, तेव्हा वर्षाच्या मसाल्याच्या मिरच्या नूपुरने एकटीने भाजून ठेवल्या होत्या. सासूची कंबर दुखते, तिला त्या धगीपुढे उभं राहायला लागू नये म्हणून. मोठी कढई माळ्यावर, तेव्हा हाताला आली ती हिने घेतली असणार, घासून जागेवर ठेवली असणार. लोखंडात मुरलेला तिखटपणा घासून थोडाच जातो? तेल तापल्यावर तो बाहेर आला.

आतून नूपुरचा आवाज येत होता. "मीच लावलं रे. आधी माझ्या हाताला लावून बघायला हवं होतं." ती रडत होती. आता हिला आणखी काय सांगायचं? शांताबाई दारात गेल्या. "तिचो काय एक दोष नाय. कढई मीच बघूक नाय. माझा चुकला."



पुढचे दिवस फार वाईट गेले. कोपरं बरी झाली, पण पूर्वी आजीजवळ येईना. आजी दिसली की हात पाठीमागे. शांताबाई तिच्याकडे न बघता भाजी निवडत राहायच्या आणि निवडलेली भाजी पुन्हा निवडायच्या.

एका दुपारी नूपुरने ती कढई तापवून घासायला काढली आणि तिला ठसकाच लागला. जरा वेळाने ती शांताबाईंसमोर येऊन बसली.

"आई, या कढईत मिरच्या मी भाजल्या होत्या."

"माका ठावक आसा."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू गो? माझी कंबर दुखते म्हणून भाजलंस. माझ्यासाठी केलंस, मग चूकपण माझीच."

नूपुरने त्यांचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही. जेवताना तिने अजितला सगळं स्वतःच सांगितलं. तो खाली मान घालून भात कालवत राहिला. शेवटी म्हणाला, "लालबागला जाणार आहे उद्या. नवीन कढई आणू का, आई?"

नव्या कढईत मलम झालं. थिजल्यावर शांताबाईंनी बरणी मधोमध ठेवली. कुणाला बोलावलं नाही. पूर्वी लांबून बघत होती, मग पावलापावलाने जवळ आली.

"आधी तू लाव."

शांताबाईंनी गालाला मलम लावलं. पूर्वी त्यांच्या डोळ्यांत निरखून बघायला लागली, पाणी येतं का ते. शांताबाईंनी आयुष्यात कधी इतक्या प्रयत्नाने डोळे कोरडे ठेवले नव्हते.

पूर्वीने पाठीमागचा हात पुढे केला.