वाफेवरचीच शिट्टी

माझं डोकं फिरवायचं असेल तर माझ्यासमोर एवढंच म्हणा, "हवेवर वाजवली काय नि वाफेवर वाजवली काय, शिट्टी ती शिट्टीच." डेल्बर्ट हे मुद्दाम म्हणायचा. आमच्या एल्कफोर्क गावच्या हौशी रेल्वे मंडळाचा तो सचिव, जन्मभर प्लंबिंग केलेला माणूस. मी ग्लेन, बॉयलर दुरुस्त करण्यात हयात घालवलेला. म्हणजे इंजिनाच्या बाबतीत शेवटचा शब्द माझा.

कोळशाची खाण बंद पडली तशी आमची लाइनही गेली. राहिलं काय, तर स्टेशनामागचं चौदा नंबरचं वाफेचं इंजिन आणि अर्धा मैल रूळ. दर शनिवारी आम्ही आठ-दहा निवृत्त टाळकी तिथं जमायचो. बायका करवादायच्या, घरचा नळ गळतोय तो दिसत नाही, निघाले इंजिन वाचवायला! खोटं नव्हतं ते.

हर्शेलकाका टीटर त्या इंजिनाचे शेवटचे ड्रायव्हर. वय अठ्ठ्याऐंशी. लेक नोरीन त्यांना गाडीतून आणून सोडायची आणि ते खुर्चीत बसून पेपरोनी रोल खात आमच्या चुका काढायचे. "अरे गाढवा, पाना उलटा धरलास!" असं ते ओरडले की आम्हाला शनिवार साजरा झाल्यासारखं वाटायचं.

ब्याण्णव सालच्या मार्चमध्ये त्यांनी मला जवळ बोलावलं. "पोरा, कान चाललेत माझे. डावा तर गेलाच. उजवा आहे तोवर मला एकदा हिची शिट्टी ऐकव."

खिंडीतून बाहेर पडताना काका एक लांब शिट्टी द्यायचे, शेवटी दोरी हळूहळू सोडत. ती ऐकून त्यांची बायको ओपल घेवड्याचं भांडं गरम करायला ठेवायची. ओपलला जाऊन नऊ वर्षं झाली होती. काकांनी दुसरं काही मागितलं नव्हतं.

पुढच्या शनिवारी डेल्बर्ट पिकअपमध्ये हवेचा कंप्रेसर घालूनच हजर. शिट्टीला नळी जोडायची नि हवा सोडायची, झालं. मी असा भडकलो!

"उतरवू नकोस ते खाली! हवेवर सूर पडतो, रडका आवाज येतो. काकांना नकली ऐकवायची?"

"अरे, दहा मिनिटांचं काम. म्हाताऱ्याला विचार तरी."

"काय विचारायचंय? पलीकडच्या गावच्या मंडळाने हवेवर वाजवून स्वतःचं हसं करून घेतलं, ते पुरे झालं."

काका ऐकत होते. म्हणाले, "राहू दे रे, डेल्बर्ट. ग्लेन म्हणतो तर थांबू."

"ऑक्टोबरपर्यंत वाफ धरतो, काका," मी म्हणालो. "शब्द आहे माझा."

ऑक्टोबर आला नि गेला. बॉयलरच्या जुन्या नळ्या उपसल्या तर मागचा पत्रा झिजलेला निघाला. तो बदलला, तर निरीक्षकाने हातोडी मारून पाहिलं आणि भट्टीचे पत्रे धरणारे बोल्ट नाकारले. दुसरं वर्ष त्यातच गेलं. एका रविवारी चर्चबाहेर नोरीनने मला गाठलं.

"ग्लेन, बाबांना आता फोनवर माझं बोलणं कळत नाही. ती हवेची का होईना, वाजव ना रे. त्यांना कुठे एवढा सूर कळणार आहे?"

"त्यांनाच तर कळणार!" मी ताठ्यात म्हणालो. वर हसलोही. तो कंप्रेसर तेव्हा डेल्बर्टच्या गॅरेजमध्ये, दोन गल्ल्यांवर पडून होता. आज ते हसू आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटतं.

चौऱ्याण्णवच्या मे महिन्यात एकदाचा परवाना मिळाला. भट्टी पेटली. सगळं गाव लोटलं. नोरीनने काकांना हाताला धरून अगदी पुढे आणून उभं केलं. इस्त्रीची डेनिमची टोपी, दाढी गुळगुळीत. मी वर इंजिनात, हात दोरीजवळ. छाती नुसती फुगली होती माझी.

तेवढ्यात दाब वाढला आणि शिट्टीशेजारचा, जादा वाफ सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह उघडला. फस्सकन पांढऱ्या वाफेचा लोट वर गेला. एवढा मोठा आवाज की लोकांनी कानांत बोटं घातली. काकांनी वाफ पाहिली, लोकांची बोटं पाहिली, आणि त्यांचा चेहरा असा फुलला की काय सांगू. टोपी काढून ते ओरडले, "वा रे ग्लेन! तीच! अगदी तश्शीच!"

मी दोरीला हातही लावला नव्हता.

नोरीनने वर माझ्याकडे पाहिलं. डेल्बर्ट, एरवी एक टोमणा न सोडणारा, बुटांकडे बघत राहिला. काकांचे डोळे भरून आले होते. ते शेजारच्यांचे हात हातात घेऊन काहीतरी सांगायला लागले.

व्हॉल्व्ह पुन्हा मिटला. सगळे थांबले होते, म्हणून मी दोरी ओढली. एक लांब शिट्टी, शेवटी हळूहळू सोडलेली. सूर नेमका लागला, खिंडीपर्यंत गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हर्शेलकाका माझ्याकडे पाठ करून बोलत होते. ते वळले नाहीत.