नाठाळच्या परीक्षेत उतरलेला सोबती

मित्रांनो, डॉक्टरांनी नुसती सुई हातात घेतली तरी तुमच्यातले काही जण घर डोक्यावर घेतात. मी मात्र उभं आयुष्य सुया टोचून घेतल्या आणि कधी हूं की चूं केलं नाही. मी एक जुना क्रोमॅटोग्राफ आहे. नाव अवघड असलं तरी काम समजायला सोपं आहे. औषधाचा एक थेंब सुईनं माझ्या अंगात सोडतात. आत त्याची वाफ होते आणि ती एका लांबलचक, वेटोळ्या नळीतून पुढे सरकते. शाळा सुटली की धावणारी पोरं आधी बाहेर पडतात आणि रेंगाळणारी मागून येतात ना, तसे त्या थेंबातले पदार्थ एकेक करून बाहेर येतात. जो बाहेर येईल त्याची टेकडी माझं पेन कागदावर काढायचं. टेकडी कुठे आली त्यावरून पदार्थ ओळखायचा आणि ती केवढी आहे त्यावरून तो किती आहे ते ठरवायचं.

ज्या कारागिरानं कारखान्यात माझं दार बसवलं, त्यानं ते पुन्हा पुन्हा उघडून, बंद करून पाहिलं होतं. ते आजतागायत कुरकुरलेलं नाही, हे मी जरा मिरवूनच सांगतो. तिथून मी एका जिन्यावरच्या दोन खोल्यांत आलो. औषधं तपासण्याची ती प्रयोगशाळा एका घरची होती. तपासणी वहिनी करायच्या. खरेदी आणि गिऱ्हाइकं त्यांचे धाकटे दीर सांभाळायचे. घरात ते वहिनी आणि भाऊजी, म्हणून इथेही वहिनी आणि भाऊजीच.

वहिनींचा हात काय सांगू! सुई आत गेली कधी आणि बाहेर आली कधी, मला पत्ता लागायचा नाही. सकाळी आल्या की आधी माझ्या कुशीवर तळहात ठेवून ऊब बघायच्या, मग पदर खोचून कामाला लागायच्या. पाहुण्यांना म्हणायच्या, "याच्या रेघेवर मी डोळे मिटून सही करते." हे ऐकून मी फुगायचो. खरं तर त्यांनी एकदाही डोळे मिटले नाहीत. प्रत्येक टेकडी त्या भिंगातून बघत.

पुढे माझ्या पेनाला लागणारा कागद बाजारातून नाहीसा झाला. पेन सुकलं. माझ्या अंगावर एक चादर आली आणि थोड्या दिवसांनी त्या चादरीवर कुणीतरी ओली छत्री वाळत घातली. औषधाच्या घरात राहून मी छत्रीची खुंटी झालो. फार वाईट वाटलं.

पण तपासायचं काम थांबून चालणार नव्हतं. टेबलावर लहान मुलांच्या खोकल्याच्या सिरपची बाटली येऊन पडली होती. त्या सिरपमध्ये एक दाट, गोडसर द्रव घालतात, आणि कधीकधी त्या द्रवात त्याचा एक विषारी भाऊबंद मिसळलेला येतो. दिसायला तसाच, चवीला गोडच. एवढासा पोटात गेला तरी मुलांची मूत्रपिंडं निकामी होतात. भाऊजींच्या लेकीला खोकला झाला की घरी हेच सिरप यायचं. सिरपच्या कारखान्याचे मालक रिपोर्टसाठी सारखे फोन करत होते. मला कॉम्प्युटर जोडायचा आणि पेनाचं काम सॉफ्टवेअरवर सोपवायचं, असं ठरलं. आता प्रश्न एकच होता, कुठल्या?

भाऊजींनी तर विक्रेत्याला शब्दही देऊन टाकला होता. त्यांना त्याच्या सॉफ्टवेअरची रेघ भारी आवडली होती. काय ती गुळगुळीत रेघ, काय ते रंग! वहिनी उठल्या आणि फ्रिजमधून नाठाळला घेऊन आल्या.

नाठाळ म्हणजे एक इवलीशी बाटली. चांगल्या सिरपमध्ये वहिनींनी स्वतः तो विषारी भाऊबंद किंचित, अगदी दिसेल न दिसेल इतका मिसळून ती भरली होती. या घरात नवी नळी येवो, नवं पेन येवो, आधी नाठाळला पकडून दाखवायचं, मगच जागा मिळायची. मीसुद्धा ही परीक्षा देऊनच आत आलो होतो.

थेंब टोचला. मी माझं काम चोख केलं. पण त्या देखण्या सॉफ्टवेअरनं रेघ गुळगुळीत करण्याच्या नादात नाठाळची टेकडीच सपाट करून टाकली. भाऊजी पडद्याकडे बघतच राहिले. विक्रेत्यानं आपली बॅग आवरली.

दुसऱ्या सॉफ्टवेअरनं नाठाळला पकडलं. माझा जीव भांड्यात पडतोय तोच वहिनींनी ती टेकडी पुसली आणि कोणी पुसली असं त्याला विचारलं. त्याला काही आठवेना. त्यालाही निरोप मिळाला. भाऊजी वैतागले. गिऱ्हाईक हातचं जाईल म्हणाले, आता तरी एवढं ताणू नका म्हणाले. वहिनी म्हणाल्या, आणखी एक बघू.

तिसरं दिसायला अगदीच ओबडधोबड. पण त्यानं नाठाळला बरोबर जागी उभं केलं. वहिनी टेकडी पुसायला गेल्या तर त्यानं आधी नाव विचारलं, मग कारण विचारलं, आणि मूळची रेघ खाली जशीच्या तशी जपून ठेवली. मग बाईंनी काय करावं? काम चालू असताना सरळ प्लगच ओढला! पुन्हा वीज दिली तेव्हा तोवरची रेघ जागच्या जागी होती. इतक्या वर्षांत वहिनींना कुणाला शाबासकी देताना मी फारसं पाहिलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी त्या कॉम्प्युटरच्या कुशीवर तळहात ठेवला. खोटं कशाला बोलू, मला थोडा हेवा वाटला.

मग टेबलावरच्या सिरपची पाळी आली. मोठ्या टेकड्या येऊन गेल्या आणि नाठाळच्याच जागी एक बुटकी टेकडी उभी राहिली. वहिनींनी पुन्हा थेंब टोचला. पुन्हा तीच. भाऊजी बाहेर गेले आणि घरी फोन करून कपाटातली बाटली लेकीला द्यायची नाही म्हणून सांगून आले.

मालक धावत आले. माणूस गोडबोल्या. टेकडी केवढीशी ती, म्हणाले, पुसून टाकली की दिसणारही नाही. सगळेच करतात, माल अडकून पडलाय. वहिनी उत्तर देणार, इतक्यात भाऊजींनीच खुर्ची पुढे ओढली. त्यांनी टेकडी पुसायचं बटण दाबलं. पडद्यावर चौकट उघडली. भाऊजींनी कीबोर्ड मालकांच्या पुढ्यात सरकवला आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, हा नाव आणि कारण विचारतोय. नाव तुमचं घालतो. कारण काय लिहू?"

मालक त्या रिकाम्या चौकटीकडे बघत राहिले. शेवटी त्यांनी खिशातून फोन काढला, अडकलेला माल तसाच ठेवायला सांगितला आणि दुकानांत गेलेलाही परत बोलावला. वहिनी भाऊजींकडे बघून हसल्या आणि भिंग पुसायला लागल्या.

मित्रांनो, आता माझं वय झालंय, पण नव्या सोबत्याबरोबर माझं छान जमतं. मी खरं बोलतो आणि तो ते बदलू देत नाही. तुमच्यापैकी कुणी उद्या माझ्यासारख्यासाठी सोबती निवडायला बसलं, तर रेघेच्या देखणेपणावर भुलू नका. आधी त्याच्यापुढे एक नाठाळ उभा करा. आणि कोपऱ्यात चादरीखाली एखादं जुनं यंत्र दिसलं, तर त्याच्या कुशीवर हात ठेवून बघा. ओली छत्री मात्र दुसरीकडे वाळत घाला.